पोतं रिकामं झालं, पण पिकाने नत्र किती घेतलं?

दर खरिपात जुलै-ऑगस्ट आला की युरियाच्या बातम्या सुरू होतात. कुठे कृषी सेवा केंद्रापुढे रांगा, कुठे लिंकिंगच्या, म्हणजे युरियासोबत दुसरा माल गळ्यात मारल्याच्या तक्रारी, कुठे केंद्राच्या अनुदानाचे आकडे. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं आणि ते हाती पडलं की काम झालं, असं धरून सगळी चर्चा चालते. त्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असतं. जगभरच्या पिकांचा ढोबळ हिशेब पाहिला तर शेतात टाकलेल्या नत्रातलं निम्मंही पिकाला मिळत नाही. उरलेलं हवेत उडतं, पाण्याबरोबर खाली जातं किंवा जमिनीतल्या जिवाणूंच्या वाट्याला येतं.

या गळतीवर बोलताना आपण खताला, पावसाला, जमिनीला दोष देतो. झाडाकडे मात्र कुणी वळून पाहत नाही. झाड मुळाशी आलेलं सगळं मुकाट ओढून घेतं, अशी आपली समजूत असते आणि ती चुकीची आहे. नत्र केव्हा घ्यायचं, किती घ्यायचं, कुठल्या पानात साठवायचं, तिथून काढून कुणाला द्यायचं, यावर झाडाचं बारीक नियंत्रण असतं. हे नियंत्रण नेमकं कसं चालतं, ते उलगडण्यात तैवानच्या शास्त्रज्ञ यी-फांग त्साय यांचा मोठा वाटा आहे. तैपेईच्या अकॅडेमिया सिनिका या संस्थेतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने जवळपास तीस वर्षं एकच धागा धरून ठेवला. तो धागा समजला, की ‘कमी युरियात येणारं पीक’ अशी बातमी वाचताना तिच्यात तथ्य किती, हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

युरिया टाकल्यावर जमिनीत काय होतं?

युरिया मातीत पडला की काही दिवसांत त्याचं अमोनियम होतं. मग जमिनीतले जिवाणू त्या अमोनियमचं नायट्रेट करतात. बहुतेक कोरडवाहू आणि बागायती पिकं नत्र घेतात ते मुख्यतः या नायट्रेटच्या रूपात.

घोटाळा इथेच आहे. मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियमवर धन भार असल्यामुळे ते कणांना चिकटून राहतं. नायट्रेटवर मात्र ऋण भार असतो, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. जोराचा पाऊस झाला किंवा पाटाचं पाणी जास्त झालं की नायट्रेट मुळांच्या खाली निघून जातं आणि पुढे विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंतच नायट्रेट चालतं. त्याहून जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात गेलं तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. जमिनीत पाणी साचून राहिलं तर दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्रेटचा वायू करतात. त्यातला नायट्रस ऑक्साइड हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तिखट आहे.

म्हणजे नायट्रेट मुळाजवळ असतं ते थोडाच काळ. एका दिवशी भरपूर, चार सरींनंतर जवळपास काहीच नाही. झाडाला या चढउतारात जगायचं असतं.

विष देऊन शोधलेलं जनुक

मुळं नायट्रेट आत कशी घेतात, हे शोधायचं तर ज्याला ते नीट घेता येत नाही असं रोप हवं. हजारो रोपांतून ते निवडायचं कसं? १९७०च्या दशकात नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी त्यावर नामी उपाय वापरला. क्लोरेट नावाचं तणनाशक आहे. त्याचा रेणू नायट्रेटशी इतका मिळताजुळता असतो की झाड फसतं आणि नायट्रेट समजून ते आत घेतं. आत गेल्यावर त्याचं क्लोराइट बनतं आणि रोप मरतं. ज्या रोपाची नायट्रेट घेण्याची यंत्रणाच बिघडलेली आहे, ते क्लोरेटही घेत नाही आणि म्हणून तगतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या वीतभर उंचीच्या रोपावर हे प्रयोग झाले. त्यात सापडलेल्या एका प्रकाराला सीएचएल-१ म्हणतात.

रोप हाती होतं, पण त्याचं नेमकं कुठलं जनुक बिघडलं आहे हे ठाऊक नव्हतं. जनुक म्हणजे पेशीने एखादं प्रथिन कसं बनवायचं याची डीएनएत लिहिलेली कृती. त्साय यांची पीएचडी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातली आणि तीही यीस्टवर. वनस्पतींशी तोवर त्यांचा संबंध नव्हता. पीएचडीनंतर त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत नायजेल क्रॉफर्ड यांच्याकडे गेल्या आणि तिथे या जनुकामागे लागल्या. १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. वनस्पतीचं नायट्रेट वाहून नेणारं प्रथिन (त्यालाही सीएचएल-१ म्हणतात) त्याच्या जनुकासकट हाती लागल्याचं त्यात पहिल्यांदाच मांडलं होतं.

बेडकाच्या अंड्यातला पुरावा

जनुक सापडलं, पण त्याचं प्रथिन खरोखर नायट्रेट वाहतं हे सिद्ध कसं करणार? मुळांत इतर डझनभर प्रथिनं आपापलं काम करत असतात. कुणाचं काम कुठलं, हे वेगळं काढता येत नाही. म्हणून या प्रथिनाला झाडाबाहेर काढून एकटं पाडावं लागलं.

त्यासाठी वापरलं आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाचं अंडं. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान, जेमतेम सव्वा मिलिमीटरचा गोळा, पण एका पेशीच्या मानाने अवाढव्य. काचेच्या बारीक सुईने त्यात सीएचएल-१ बनवण्याचा संदेश सोडायचा आणि एक-दोन दिवस थांबायचं. बेडकाचं अंडं निमूटपणे वनस्पतीचं प्रथिन बनवून आपल्या पडद्यात बसवतं. मग अंड्यात विजेची दोन सूक्ष्म टोकं खुपसायची आणि भोवतीच्या द्रावात नायट्रेट घालायचं. हे प्रथिन नायट्रेट एकटं आत आणत नाही, त्याच्या जोडीने हायड्रोजनचे धनभारित कण आणतं, त्यामुळे आत जाणारा विद्युतप्रवाह मोजता येतो. संदेश सोडलेल्या अंड्यात प्रवाह वाहिला. नुसतं पाणी टोचलेल्या अंड्यात वाहिला नाही.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. ‘हे जनुक नत्राशी संबंधित आहे’ असं विधान करणारे निबंध शेकड्यांनी निघतात. बेडकाच्या अंड्यात प्रवाह मोजून दाखवला की तिथे ‘संबंधित’ असा मोघम शब्द उरत नाही.

एकच प्रथिन, दोन वागणुकी

तोवरची समजूत अशी होती की झाडाकडे नायट्रेट घेणारी प्रथिनं दोन वेगळ्या प्रकारची असतात. एक प्रकार नायट्रेट मुबलक असताना काम करणारा, दुसरा ते विरळ असताना. सीएचएल-१ची गणना पहिल्या प्रकारात होत होती. १९९९ मध्ये त्साय यांच्या तैपेईच्या प्रयोगशाळेने दाखवलं की ते दोन्ही कामं करतं. एका वागणुकीत त्याला लिटरमागे साधारण ३ मिलिग्रॅम नायट्रेट पुरतं. दुसरी वागणूक लिटरमागे अडीचशे-तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास रंगात येते.

पावसाळ्यात विहीर तुडुंब भरलेली असते तेव्हा आपण घागर सोडतो आणि भरभरून काढतो. वैशाखात तळाला पाझर उरला की तीच घागर कामाची राहत नाही, खाली उतरून वाटीने पाणी टिपावं लागतं. वाटीने वेळ लागतो, पण थेंब सुटत नाही. सीएचएल-१ म्हणजे गरजेप्रमाणे घागरीची वाटी आणि वाटीची घागर होणारं भांडं.

हा बदल घडवतो कोण, याचं उत्तर २००३ मध्ये मिळालं. या प्रथिनाची साखळी ५९० अमिनो आम्लांची आहे. त्यातल्या १०१ क्रमांकाच्या, थ्रिओनिन नावाच्या अमिनो आम्लावर पेशी फॉस्फेटचा एक गट चिकटवते. तो चिकटला की वाटी, काढला की घागर. पडताळा घेण्यासाठी त्यांनी ते थ्रिओनिन काढून तिथे फॉस्फेट चिकटूच शकणार नाही असं अमिनो आम्ल बसवलं. प्रथिन घागरच राहिलं. मग कायम फॉस्फेट असल्यासारखं भासणारं अमिनो आम्ल बसवलं, तर ते वाटी होऊन राहिलं. ५९० पैकी एका जागेवरचा फरक आणि प्रथिनाचा स्वभाव पालटला. २०१४ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि ऑक्सफर्ड इथल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे या प्रथिनाची त्रिमितीय रचना काढली आणि दोघांनीही या १०१व्या जागेचा खुलासा त्या रचनेत शोधला.

ते नायट्रेट मोजतंही

नायट्रेट भेटल्यावर अर्ध्या तासाच्या आत मुळांतली बरीच जनुकं जागी होतात. आणखी वाहक बनवा, नायट्रेट पचवणारी विकरं बनवा, असे हुकूम सुटतात. नायट्रेट आल्याचं झाडाला कळतं कसं?

२००९ मध्ये त्साय यांच्या गटाने पुन्हा ‘सेल’मध्ये उत्तर दिलं: सीएचएल-१ हेच मापही आहे. आता लगेच मनात येतं, नायट्रेट आत शिरल्यावर आतलं कुणीतरी दुसरं ते ओळखत असेल, याला कशाला श्रेय? ही शंका रास्त आहे, आणि प्रयोग तिच्यासाठीच रचलेला होता. त्यांच्याकडे सीएचएल-१मध्ये ४९२ क्रमांकाचं अमिनो आम्ल बदललेलं एक रोप होतं. त्याचं प्रथिन नायट्रेट आत आणण्यात निकामी झालेलं होतं, तरी जनुकं जागी करण्याचा पहिला हुकूम नेहमीसारखाच सुटत होता. म्हणजे वाहणं आणि ओळखणं ही एकाच प्रथिनाची दोन वेगळी कामं आहेत, एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. १०१ क्रमांकावर फॉस्फेट चिकटवणारं विकरही याच निबंधात ओळखलं गेलं. नायट्रेट किती आहे, त्याप्रमाणे हुकूम जोरात सोडायचा की दबक्या आवाजात, हेही त्या फॉस्फेटवर ठरतं. विहिरीवर गेलेलं माणूस पाणी तर आणतंच, शिवाय तळ किती दिसतोय तेही घरी येऊन सांगतं.

सगळ्या शास्त्रज्ञांना हे मान्य आहे का?

नाही, आणि हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. २०१३ मध्ये कॅनडातले अँथनी ग्लास आणि त्यांच्या सहकारी यांनी आकडे नव्याने तपासून असं मांडलं की विरळ नायट्रेट घेण्यात सीएचएल-१चा वाटा सांगितला जातो तेवढा नाही. ते काम प्रामुख्याने दुसऱ्या एका कुळातली प्रथिनं करतात. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने पेशीच्या आत नायट्रेट ओळखणारं एनएलपी-७ हे आणखी एक प्रथिन दाखवलं. त्यामुळे ‘नत्राची सगळी किल्ली एका प्रथिनात’ असं कुणी लिहिलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. बाहेरच्या पडद्यावर एक पहारा आणि आत दुसरा, असं आजचं चित्र आहे. त्साय यांचं काम त्यामुळे लहान होत नाही. प्रश्न नेमके कुठे विचारायचे, ती जागा त्यांनी दाखवली.

खालची पानं आधी पिवळी का पडतात?

नत्र कमी पडलं की पीक खालून पिवळं पडत येतं, हे कुठल्याही शेतकऱ्याला सांगायला नको. झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या शेंड्याला देतं. हे फार पूर्वीपासून माहीत होतं, पण त्यात प्रथिनं मोडून मिळालेल्या नत्राचाच विचार व्हायचा. जुन्या पानांच्या पेशींत साठलेलं नायट्रेट जसंच्या तसं उचललं जातं का, याकडे फारसं लक्ष नव्हतं.

सीएचएल-१च्या कुळात अरॅबिडॉप्सिसमध्ये ५३ प्रथिनं आहेत. त्साय यांच्या प्रयोगशाळेने त्यातलं एकेक घेऊन त्याची जागा शोधली. एक मुळातून जलवाहिनीत नायट्रेट चढवतं, एक देठात साठा सांभाळतं, एक बी भरताना पुरवठा करतं. २००९ मध्ये त्यांनी एनआरटी १.७ या प्रथिनाचा शोध मांडला. हे जुन्या पानांच्या बारीक शिरांत असतं आणि साठलेलं नायट्रेट रसवाहिनीत चढवतं.

प्रयोग साधा होता. नत्राचा एक जड प्रकार असतो, नत्र-१५. त्याची खूण यंत्रावर वेगळी ओळखता येते. या जड नत्राच्या नायट्रेटचा थेंब जुन्या पानाच्या टोकाकडे ठेवला. साध्या रोपात तो पुढे कोवळ्या पानांत सापडला. एनआरटी १.७ बिघडलेल्या रोपात तो तिथे पोचला नाही. खतपाणी तोडल्यावर अशा रोपाच्या जुन्या पानांत नायट्रेट भरलेलं राहिलं आणि रोप खुरटलं. घरात असलेलं नत्र वापरता आलं नाही म्हणून झाड उपाशी राहिलं.

पुढचा विचार सरळ होता. ही वाहतूक बिघडवल्यावर रोप खुरटतं, तर ती वाढवल्यावर फोफावेल का? सीएचएल-१ आणि एनआरटी १.७ यांचे तुकडे जोडून त्यांनी जास्त वेगाने वाहणारं नवं प्रथिन तयार केलं आणि ते जुन्या पानांच्या शिरांतच बनेल अशी सोय केली. २०२० मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये आलेल्या या कामात अरॅबिडॉप्सिस, तंबाखू आणि भात या तिन्हींची वाढ सुधारलेली दिसली.

पण भात तर अमोनियम घेतो ना?

चिखलणीच्या भातात बहुतेक नत्र अमोनियमच्या रूपात असतं, हे बरोबर. पण भाताची मुळं हवेतला ऑक्सिजन खाली आणतात आणि तो मुळाभोवती पाझरतो. त्या पातळ थरात जिवाणू नायट्रेट बनवतात आणि मूळ ते लगोलग घेतं.

भातालाही नायट्रेट उपयोगी पडतं, याचा पुरावा २०१५ मध्ये चीनमधल्या चू चेंगत्साय यांच्या गटाने ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दिला. भाताचे दोन मोठे वर्ग: इंडिका आणि जॅपोनिका. आपल्या कोकणात, मावळात, पूर्व विदर्भात पिकतो तो मुख्यतः इंडिका. जॅपोनिकापेक्षा इंडिका नायट्रेट जास्त चांगलं वापरतो. या फरकाचा मोठा भाग सीएचएल-१च्या भातातल्या भावंडात असलेल्या एका अमिनो आम्लाच्या फरकातून येतो. इंडिकाचं रूप जॅपोनिकात आणलं तेव्हा कमी नत्रातही उत्पन्न वाढलं. अरॅबिडॉप्सिसच्या रोपावर सुरू झालेलं काम भाताच्या खाचरात पोचलं ते असं.

हे जीएमच झालं की!

२०२०चं जोडप्रथिन हे जीएमच, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांतलंच आहे. बाहेर जुळवलेलं जनुक झाडात घातलेलं आहे आणि भारतात त्याला जीएमचे सगळे नियम लागू होतील. इंडिकाचं रूप जॅपोनिकात आणणं मात्र साध्या संकरानेही होतं.

मे २०२५ मध्ये आपल्या देशात जनुक-संपादित भाताची दोन वाणं जाहीर झाली: कमला, म्हणजे डीआरआर धान १००, आणि पुसा डीएसटी राइस १. त्यात बाहेरचं जनुक ठेवलेलं नाही, स्वतःच्याच जनुकात छोटा बदल केला आहे. मार्च २०२२ पासून अशा बदलांना जीएमच्या नियमांतून सूट आहे. कमलामध्ये बदललेलं जनुक लोंबीतल्या दाण्यांच्या संख्येशी निगडित आहे, तर दुसऱ्या वाणाचा हेतू क्षार आणि पाण्याचा ताण सोसणं हा आहे. नायट्रेट वाहणाऱ्या प्रथिनांवर यापैकी एकही बेतलेलं नाही. ‘कमी खतात येणारं वाण’ असं ऐकलं की कुठल्या जनुकात काय बदल केला, चाचणी कुंडीत झाली की शेतात, किती हंगाम, किती ठिकाणी आणि नत्राच्या किती मात्रांवर, हे विचारायलाच हवं. मला स्वतःला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भरपूर नत्रावर जास्त पिकणारं वाण आणि कमी नत्रावर न ढासळणारं वाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तोवर युरिया बंद करायचा का?

मुळीच नाही. झाड कितीही हुशार असलं तरी जमिनीत नसलेलं नत्र ते घेऊ शकत नाही. पण या संशोधनाने जुन्याच काही सल्ल्यांमागचं कारण नीट कळतं. सगळा युरिया एकदम टाकला तर पांढरी मुळी त्या दिवसात घेऊन घेऊन किती घेणार? आत पुरेसं नत्र असल्याची खबर लागली की झाड घेणं कमी करतं आणि राहिलेलं नायट्रेट पावसाबरोबर जातं. म्हणून हप्ते पाडायचे. २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळीचा लेप सक्तीचा झाला, तो अमोनियमचं नायट्रेट होणं लांबवण्यासाठी.

कोकणातली चारसूत्री भात लागवड याच तत्त्वावर आहे. युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. तिथे ऑक्सिजन नसतो, त्यामुळे नत्र अमोनियमच राहतं, चिखलाला धरून राहतं आणि मुळं पसरत जातील तसं त्यांना मिळतं. हाताने खोचायला मजूर लागतात, हीच तिची मुख्य अडचण आहे आणि ती कुठल्याही जनुकाने सुटणारी नाही. वाणात सुधारणा झाली तरी अशा पद्धती लागतीलच, कारण एनआरटी १.७ने पानातलं नायट्रेट कितीही वेगाने हलवलं तरी शेतातून वाहून गेलेलं नायट्रेट ते परत आणू शकत नाही.